गाडी दोनच हात पुढे घेतली

"थांब, थांब. पुन्हा सांग. किती पुढे घेतलीस?"

"जास्त नाही गं आक्का. दोन हात. मागच्या भिंतीला टेप लावायचा होता, बंपर आडवा येत होता."

"ढकललीस?"

"एकट्याला कुठं ढकलतेय ती? चावी खिळ्याला होती. चालू केली, दोन हात पुढे घेतली, बंद केली. माप घेतलं. झालं."

"झालं? आणि परत मागे घेताना?"

भावाने चहाच्या कपात बघितलं. कपात काही नव्हतं.

"बोल की. तोंडात सिमेंट कालवलंय का?"

"परत चालूच होईना. सेल्फ मारला, मारला, मारला. रेसपण दाबून बघितली. शेवटी शेजारच्या दोघांना हाक मारली आणि ढकलत नेऊन होती तशी जागेवर लावली. म्हटलं बॅटरी उतरली असेल, तू आल्यावर बघशील."

"आणि हे तू मला आज सांगतोयस? टोइंगची गाडी फाटकात येऊन उभी राहिल्यावर?"

"तू विचारलंस कधी?"

आक्काने हातातला रुमाल टेबलावर आपटला. रुमालातून पीठ उडालं आणि भावाच्या कपावर, मिशीवर, गाडी विकत घ्यायला आलेल्या तरण्या गिऱ्हाइकाच्या स्वच्छ शर्टावर पसरलं. त्या बिचाऱ्याने नुसतं विचारलं होतं, की गाडी शेवटची चालू कधी झाली होती. आक्का म्हणाली होती, मी गिरणीचे दगड आणायला गेले त्याच्या आदल्या दिवशी. आणि भाऊ, म्हणजे खोटं बोलायला शिकवलं तरी न जमणारा माणूस, मध्येच म्हणाला होता, "नाही, त्याच्यानंतर एकदा मी…"

एवढ्यावरून हे सगळं बाहेर आलं.

आक्काची पिठाची गिरणी. घराच्या पुढच्या अंगाला गिरणी, मागे आवार, आवाराच्या टोकाला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ती लाल, बसकी, दोन माणसांची गाडी. आक्काचं एकदा लग्न झालं होतं, ते कुणाचं डोकं न फुटता मोडलं. त्यानंतर वर्षभरात तिने ही गाडी घेतली. गल्ली म्हणाली, नवऱ्याच्या जागी आणली. आक्का म्हणाली, "बरं मग? ही घोरत नाही आणि बंद केली की गप्प बसते."

आधीचा मालक दातांचा डॉक्टर होता. तो या गाडीला इतका वैतागला होता, की चावी देताना त्याचा चेहरा दाढ उपटून झालेल्या माणसासारखा मोकळा दिसत होता. "तेल पिते," एवढंच तो म्हणाला. आक्काने घरी येऊन बॉनेट उघडलं, महिनाभर डोकं घातलं आणि एक गोष्ट ओळखली. ही तेल पिते कारण तिला तेल प्यायलाच बनवलंय. तिच्या इंजिनात खाली-वर होणारे पिस्टन नाहीत. पोकळ डब्यात एक तिकोनी लोखंड गरागरा फिरतं, असे दोन डबे, आणि प्रत्येक तिकोनाच्या टोकांना बारीक पट्ट्या. त्या पट्ट्या भिंतीला घासत फिरतात तोवर इंजिनात दम. भिंत कोरडी पडली की पट्टी झिजते, दम जातो. म्हणून इंजिन स्वतःच्याच पोटात थेंब थेंब तेल सोडतं आणि ते जाळतं. जिची सून जेवते तिनं पीठ कमी झालं म्हणून बोंबलू नये, पीठ मळावं. दर वेळी पेट्रोल भरताना तेल मोजायची सळी काढून बघायची, कमी असेल तर घालायचं. विषय संपला.

फिरणारी वस्तू आक्काला नवी नव्हती. उभ्या आयुष्यात तिने दगडच फिरवले. गिरणी रिकामी फिरायला लागली तर ती अंघोळीतून ओरडायची.

तिचे नियम घरात सगळ्यांना पाठ होते, कारण ती ते गाडीशी बोलल्यासारखी मोठ्याने म्हणायची. थंड गाडीला पळवायचं नाही. गरमीचा काटा मध्यावर येईपर्यंत दम धरायचा. गरम झाल्यावर मात्र हात आखडायचा नाही, दिवसातून एकदा फेऱ्यांचा काटा लाल रेघेपर्यंत जाऊ द्यायचा, नाहीतर पोटात काजळी धरते. "म्हाताऱ्या गाडीला म्हातारीसारखं चालवलं की ती मरते," असं ती म्हणायची, आणि हे नुसतं गाडीबद्दल नसावं असा भावाला संशय होता. रेडिएटरचं पाणी रोज बघायचं, कारण हे इंजिन एकदा तापलं की माफ करत नाही. रबरी नळ्या बोटांनी दाबून बघायच्या, कडक लागली की बदलायची. पेट्रोलच्या टाकीत स्कूटरला घालतात ते तेल थोडं सोडायचं, म्हणजे पट्ट्यांना वंगण.

आणि सगळ्यात वरचा नियम: चालू केली तर गरम केल्याशिवाय बंद करायची नाही. कधीच नाही. दोन हात पुढे घ्यायची असली तर ढकल, नाहीतर चालू करून गावभर फिरवून आण.

हा नियम भावाला माहीत नव्हता असं नाही. पण तो फरशा बसवणारा माणूस, कमरेला कायम टेप. गल्लीत त्याला फूटपट्टी म्हणत. माप दिसलं की त्याला दुसरं काही दिसत नसे.

आणि त्याला ती शेड हवी होती. फरशांची खोकी ठेवायला जागा नाही म्हणून त्याच्या झोपायच्या खोलीत पलंगाच्या दोन्ही बाजूंना खोक्यांच्या भिंती उभ्या होत्या. त्याची बायको म्हणायची, मी नवऱ्याजवळ झोपत नाही, गोदामात झोपते. यावरून भावा-बहिणीची वर्षानुवर्षं जुंपायची. एकदा जेवताना आक्का चिडून बोलून गेली, "ज्या दिवशी माझी गाडी आपल्या पायांनी शेडबाहेर येणार नाही, त्या दिवशी गाडी काढीन आणि शेड तुझी." भावाने लगेच बायकोला साक्षीला धरलं. शब्द गेला तो गेला. आक्काने आयुष्यात शब्द फिरवला नव्हता. दगड तेवढे फिरवले.

आणि मग ती गिरणीचे नवे दगड आणायला दोन दिवस बाहेर गेली. परत आली, गाडीत बसली, चावी फिरवली.

निरोगी असताना ही गाडी सेल्फ मारला की भाता हलवल्यासारखी फुस-फुस-फुस करते. त्या दिवशी नुसती घर्रर्र करून फिरली. रिकाम्या गिरणीसारखी.  तिने परत सेल्फ मारला, परत मारला. प्लग काढून बघितले, ओले. मग गॅरेजवाल्याला बोलावलं. तो भला माणूस. आधीच म्हणाला, आक्का, ही माझ्या ओळखीतली नाही, पण मोजून देतो. त्याने इंजिनाचा दम मोजायचा मीटर लावला आणि काटा जागचा हलला नाही. त्याने दोनदा लावला. मग मीटर पुसत खाली बघून म्हणाला, "दम नाही राहिला."

आक्काला शंका आली नाही ती एकाच कारणाने. थंड गाडी बंद करायची चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती, आणि तिच्या गाडीला दुसरा कुणी हात लावेल हे तिच्या डोक्यातच नव्हतं. गाडी जागच्या जागी होती, चावी खिळ्याला होती. मग उरलं एकच. पट्ट्या गेल्या, गाडीचं वय झालं. इंजिन मेलं म्हणून प्लग ओले राहिले, असं तिने वाचलं. प्लग ओले म्हणून इंजिन मेल्यासारखं पडलंय, हे उलटं वाचायचं राहून गेलं.

ती रडली-बिडली नाही. दोन दिवस गिऱ्हाइकांचं पीठ जाडं पडलं, एवढंच.

भावाने गिऱ्हाईक शोधलं. हा तरणा पोरगा जुन्या गाड्या सजवून विकायचा. इंजिन काढून फेकायचं, साधं इंजिन बसवायचं, बाहेरून पॉलिश. त्याने ते लपवलंही नाही. म्हणून आज टोइंगची गाडी फाटकात होती.

आता आक्का उठली.

"आक्का, कुठं?"

"मेलेली नाहीये ती. बुडालीय. थंड असताना हे इंजिन दुप्पट पेट्रोल घेतं. तू तिला ताटावर बसवलंस आणि पहिला घास तोंडात असताना उठवलंस. सगळं पेट्रोल पोटात राहिलं. वर सेल्फ मारून मारून अजून भरलंस. नंतर मीही तेच केलं, शहाणी! भिंतीवरचं तेल धुऊन निघालं, पट्ट्या कोरड्या, मग दम कुठून येणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?"

"पण गॅरेजवाल्याने मोजलं की."

"बरोबर मोजलं. बुडालेल्या माणसाची नाडी मोजली त्याने. आता पाणी काढायचंय."

गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत उभं राहिलं. "मावशी, ड्रायव्हरला दुपारी दुसरी खेप आहे."

"मग ड्रायव्हरला सांग, चहा पी. आणि तू," ती भावाकडे वळली, "टेप काढून ठेव कमरेचा. आत बसायचंय तुला. मी सांगीन तेव्हा सेल्फ, मी सांगीन तेव्हा बंद. मध्ये अक्कल चालवायची नाही."

"मी का? चालू झाली तर माझी शेड जाते!"

"बुडवली कुणी?"

भावाने टेप काढून टेबलावर ठेवला.

दरवाजात भावजय उभी होती. तिने दोघांकडे बघितलं, मग नवऱ्याला म्हणाली, "जा. स्वतः सांडलेलं स्वतः पुसावं."

"अगं, खोकी तुझ्याच उशाला राहतील."

"राहू देत. फसवून मिळवलेल्या जागेत मला झोप येणार नाही."

"मी फसवलं नाही! आईशप्पथ!"

"माहीत आहे. फसवायला डोकं लागतं."

आक्काने बॉनेट उघडलं. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून खिशात टाकला, म्हणजे आता एक थेंबही पुढे जाणार नाही. ठिणगीची वायर काढून बाजूला बांधली. मग प्लग. दर डब्याला दोन, वरचा आणि खालचा. चारही काढून तिने फडक्यावर ओळीने मांडले, कुठला कुठला हे विसरू नये म्हणून जागच्या क्रमाने. पेट्रोलचा वास शेडभर सुटला.

तेवढ्यात टोइंगचा ड्रायव्हर गंमत बघायला आत आला. तोंडात सिगारेट, हातात काडी.

"ए! काडी टाक! बाहेर! बाहेर!"

असा आवाज की गिरणीतलं गिऱ्हाईक पिशवी टाकून रस्त्यावर गेलं. ड्रायव्हर तर फाटकाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि सिगारेट न पेटवताच विझवली.

"रेस पूर्ण दाब," आक्का भावाला म्हणाली. "आता सेल्फ."

प्लगच्या भोकांतून पेट्रोलचा फवारा उडाला. समोरच्या पत्र्यावर ओली नक्षी उठली. "बंद." थोडं थांबून, "मार." पुन्हा फवारा, कमी. "बंद. मार." मग नुसती वाफ. मग काही नाही.

तिने खालच्या भोकावर तळहात धरला. "मार." हाताला काही लागलं नाही. जत्रेतल्या फुटक्या पिपाणीसारखी नुसती हवा गेली. आक्काचा चेहरा बदलला नाही, पण भावजयीने बघितलं, तिचा दुसरा हात मागे बॉनेटची कड घट्ट धरून होता.

"काय झालं, वन्सं?"

"काही नाही. पाणी काढलं. आता तेल पाजायचं."

शिलाई मशीनला तेल घालायची लांब चोचीची कुपी तिने गिरणीतून आणली. खालच्या दोन्ही भोकांतून थोडं थोडं इंजिनचं तेल आत सोडलं. मोठा पाना इंजिनाच्या पुढच्या चाकीच्या नटाला लावला आणि इंजिन हाताने फिरवलं, सावकाश, दगड बसवताना फिरवतात तसं. तेल सगळ्या भिंतीला पोचायला हवं. तिच्या कपाळावरून घाम खाली आला आणि पिठात मिसळून कणीक झाली. ती पुसायला तिला सवड नव्हती.

पुन्हा तळहात. "मार."

फुस. फुस. फुस.

ती हात धरून राहिली. फुस, फुस, फुस. एका डब्याच्या तिन्ही टोकांच्या तीन फुंकरी, एकाच मापाच्या. दुसऱ्या डब्यावर हात नेला. तिथेही तीन. एकही फुंकर लंगडी नाही.

"पट्ट्या शाबूत आहेत," ती म्हणाली. मग मोठ्याने, फाटकापलीकडे ऐकू जाईल असं, "शाबूत आहेत!"

भावाने आतून मान बाहेर काढली. तो हसत होता. मग आपण का हसतोय हे आठवून त्याने मान आत घेतली.

प्लग पुसले, ब्रशने घासले, गॅसच्या शेगडीवर भावजयीने ते डोळे बारीक करून चिमट्याने शेकून दिले. पुन्हा आपापल्या जागी बसले. वायर लावली, फ्यूज लावला. आक्का आता स्वतः आत बसली. चावी फिरवली.

टक्.

टक्. टक्.

बॅटरी मेली होती. एवढा सेल्फ मारल्यावर दुसरं काय होणार?

 भावाने हळूच शेडच्या मागच्या भिंतीकडे बघितलं. आक्काने ते बघितलं. घरात दुसरी बॅटरी नव्हती. बॅटरी घरी चार्ज करायची तर उद्या उजाडणार, आणि टोइंगची गाडी आज जाणार होती. गाडी आज द्यायची, असा आक्काचा शब्द गेला होता.

तेव्हा ते तरणं गिऱ्हाईक खाकरलं. "मावशी, आमच्या गाडीत जंपर केबल आहे."

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"अरे, चालू झाली तर तुझी खेप फुकट जाईल," भाऊ म्हणाला.

"ते कळतंय," पोरगा म्हणाला. तो जरा लाजला होता. "मी अशी चार इंजिनं काढून फेकली. पण चालू असलेलं एकही ऐकलं नाही. एकदा ऐकायचंय."

आक्का गाडीतून उतरली नाही. तिने फक्त विचारलं, "कॉफी घेतोस का चहा?"

"आधी आवाज."

टोइंगची गाडी उलटी करून शेडच्या तोंडाशी आली. केबल लागली. लालला लाल, काळीला काळी, भावाने दोनदा बघितलं. आक्काने चावी फिरवली.

फुसफुसफुसफुस… काही नाही. पुन्हा. फुसफुसफुस… मध्ये एक खोकला. भावजयीने तोंडावर हात ठेवला. "दे, दे, दे," भाऊ पुटपुटत होता, आपल्याच विरुद्ध. फुसफुस, खोकला, खोकला, ढुम्! मागून आवाज आला आणि चारही बाजूंनी पांढरा धूर. भावाला वाटलं संपलं. पण धुराच्या आतून एक घुमणारा आवाज वर चढायला लागला, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा, वर, अजून वर, पत्रे थरथरले, खोक्यातले पाने किणकिणले, आणि आक्काने पाय सैल केला तेव्हा तो खाली येऊन एका जागी स्थिरावला. ब्रॅप, ब्रॅप, ब्रॅप, ब्रॅप.

कुणाला कुणी दिसत नव्हतं. धुरात ड्रायव्हर खोकत होता, पोरगा वेड्यासारखा हसत होता, भाऊ टाळ्या वाजवत होता, आणि गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "आग लागली का रे?"

"लागली!" आक्का ओरडली. "पुन्हा लागली!"

सवयीने भाऊ डॅशबोर्डकडे झुकला. "झालं ना? बंद कर आता, पेट्रोल कशाला…"

"हात लाव चावीला. तोडून ठेवते."

काटा मध्यावर यायची वाट बघावी लागली. तेवढ्यात वरून पाजलेलं तेल जळून संपलं, धूर विरळ झाला. आक्का पाणी बघत होती, आवाज ऐकत होती. केबल काढली, टोइंगची गाडी बाजूला झाली. रस्ता मोकळा. शेजारची सीट रिकामी. भाऊ पुढे झाला, गिऱ्हाईकही पुढे झालं.

भावजयीने अ‍ॅप्रनसकट दार उघडलं आणि आत बसली.

"अगं, तू कुठं?"

"एवढी वर्षं नुसता आवाज ऐकतेय. आज बसणार. शेगडीवर दूध आहे, बघ."

लाल गाडी आपल्या पायांनी शेडबाहेर आली. आवारातून, फाटकातून, पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांच्या मधून. पुलाच्या चढाला लागल्यावर आक्काने पाय दाबला. काटा चढत गेला, मोहोळाचा आवाज पुलाच्या कठड्यांवरून परत येऊन कानात शिरला. "वन्सं, हळू!" भावजय किंचाळली, आणि काटा लाल रेघेला टेकून आक्काने गिअर बदलला, तेव्हा तीच म्हणाली, "पुन्हा!"

आक्काने पुन्हा केलं.

त्या दोघी परतल्या तेव्हा भावजयीचा अंबाडा सुटला होता आणि ती इतकी हसत होती की तिला उतरता येईना. आवारात गाडी लावून आक्काने क्षणभर रेस धरली, मग चावी बंद केली. लगेच परत फिरवली. एका फिरकीत चालू. पुन्हा बंद. भावाकडे बघितलं.

"बघितलं," भाऊ म्हणाला. "बघितलं, बाई." दूध उतू गेलं होतं, त्याच्या बाहीवर सांडलेलं दिसत होतं. "शेड तुझी."

"शेडची डावी भिंत तुझी," आक्का म्हणाली. "खोकी उभी लाव. गाडीला हात न लावता मावतील तेवढीच. आणि माप घ्यायचं असेल तर हाक मार, मी ढकलू लागेन."

गिऱ्हाईक पोरगा कॉफी प्यायला. जाताना त्याने बॉनेटवर बोटं टेकवली, गरम लागली तशी उचलली. "मावशी, पुढच्या वेळी असलं इंजिन आलं तर फेकण्याआधी तुम्हाला विचारीन."

"फेकण्याआधी तेल पाजून बघ," आक्का म्हणाली. "आणि शर्टावरचं पीठ झटक, घरी काय सांगशील?"

पुढून आवाज आला. "आक्का, अहो, उभे राहून पाय दुखले आमचे!"

"आले, आले. पळून गेले नव्हते, पुलापर्यंत गेले होते."

तिने हात रॉकेलने चोळले, साबणाने दोनदा धुतले, नाकाशी नेऊन वास घेतला, तिसऱ्यांदा धुतले. पिठाला पेट्रोल लागलेलं तिला चाललं नसतं. डोक्याला रुमाल बांधला. पहिल्या पिशवीचं तोंड सोडून गहू चाळणीतून बघितला, एक खडा वेचून फेकला, पट्टा चढवला आणि खटका दाबला. दगड फिरायला लागले. आवाज जमेपर्यंत ती मान तिरकी करून ऐकत राहिली, मग पिशवी उचलून वर ओतली.

"जाड की बारीक?"

"बारीक. पण गेल्या खेपेला जाडच दिलंत."

"गेल्या खेपेचं गेलं. डबा नीट धरा, सांडतंय."